छातीवरची जागा

मला एका जागी बसता येत नाही. आजही येत नाही. लग्नाच्या पंगतीत वरणभात वाढून होईपर्यंत माझा गुडघा हलायला लागतो आणि बायको शेजारून चिमटा काढते. लहानपणी माय म्हणायची, या पोऱ्याच्या पायाला भिंगरी लागलीय. आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या हलणाऱ्या गुडघ्याकडे बघायचे आणि मग दुसरीकडे बघायचे. अमळनेरजवळच्या आमच्या गावात कापूस पिकवणारा माणूस होता तो. पेरणी झाली की थांबायचं, वेचणी आली की थांबायचं नाही, हे त्यांना कळत होतं. बारा महिने न थांबणारा मुलगा त्यांना कळत नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. अमळनेरला बी.ए. करून मी धुळ्यात एका गॅरेजात कामाला लागलो होतो आणि एका जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर जीव टाकला होता. तिचे दिवे काढले, मडगार्ड कापले, हँडल बदललं, दातेरी टायर घातले. गाव म्हणायचं, चांगली गाडी होती, यानं तिची कातडी सोलली. हा सगळा खटाटोप मोटोक्रॉससाठी. मातीचा ट्रॅक, मुरमाचे उंचवटे, खड्डे, चिखल. त्यातून गाडी उडवायची, पडायचं, उठायचं आणि पुन्हा उडवायची. डांबरी रस्त्यावर मला झोप येते. गावी आलो की बोरी नदीच्या कोरड्या पात्रात मी सकाळी सराव करायचो, आणि डबक्यावर धुणं धुवायला आलेल्या बाया माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, कारण वाळलेल्या लुगड्यांवर माझी धूळ बसायची. मी त्यांनाही उलट ओरडायचो. त्या वेळी मी सगळ्यांवरच ओरडायचो.

पण हा खेळ खादाड. टायर खातो, चेन खातो, क्लचप्लेटा खातो. गॅरेजातला पगार त्याच्या दाढेलाही पुरत नव्हता. शर्यतीच्या गावी गाडी न्यायची तर टेंपो पाहिजे, आणि टेंपोवाला काही माझा मामा नव्हता. मामा होता तो दीपनगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत. त्यानं तिथं एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. खुर्ची, पंखा, समोर रजिस्टर, खिडकीतून दिसणारी वीज केंद्राची धुराची चिमणी. मायला ते फार आवडलं होतं. नुसत्या कल्पनेनं माझ्या अंगाला खाज सुटायची.

आबांनी एका संध्याकाळी गोठ्यात बैलांना चारा टाकता टाकता निकाल दिला.

"दिवाळीलगून देख," ते म्हणाले. "मंग दीपनगर."

म्हणजे दिवाळीपर्यंत काय करायचं ते कर, नंतर दीपनगर. आबा एकदा बोलले की दुसऱ्यांदा बोलत नसत, त्यामुळे वाद घालायलाही समोर कुणी उरत नसे. आता दिवाळीच्या आत कुठल्यातरी कंपनीनं मला हाताशी धरायला पाहिजे होतं. मोठ्या शहरांतल्या पोरांना स्पॉन्सर मिळतात हे मी ऐकून होतो. ते कसे मिळतात हे कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, आदल्या वर्षी एका शर्यतीत जिंकलेली ढाल दाखवायची आणि मागायचं.

तर एक दिवस ती ढाल कापडी पिशवीत घालून मी जळगावला गेलो आणि टायरच्या एका मोठ्या दुकानात शिरलो. मालकानं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, कोणतं मंडळ? मी म्हटलं मंडळ नाही, मी शर्यत खेळतो, मला स्पॉन्सर हवाय. तो म्हणाला, ठीक आहे, पण पावतीपुस्तक कुठंय? पावतीशिवाय आम्ही वर्गणी देत नाही. पुढच्या बॅटरीवाल्यानं माझं बोलणं अर्ध्यावर तोडून नोकराला सांगितलं, याला चहा दे आणि नारळ दे. त्याच्या पुढच्यानं ढाल हातात घेऊन वजन करून पाहिलं आणि विकायची आहे का म्हणून विचारलं. माझं डोकं सटकलं. त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या मुलखात दुकानदाराला देण्याच्या दोनच तऱ्हा ठाऊक होत्या, गणपतीची वर्गणी आणि देवळाची देणगी. एकीत पावती मिळते, दुसरीत फरशीवर नाव लागतं. चिखलात गाडी चालवणाऱ्या माणसाला द्यायचं तर ते कोणत्या पुण्याईत धरायचं? त्यांचंही खरंच होतं म्हणा. पण हे मला आज सुचतंय. त्या दिवशी मी नारळ बसस्टँडवरच फोडला आणि एकट्यानं खाल्ला.

मला या सगळ्यातलं शहाणपण शिकवलं ते धुळ्याच्या एका शेठनं. आग्रा रोडवर त्याची इंजिन ऑईलची एजन्सी होती आणि आमचं गॅरेज त्याच्याकडूनच डबे उचलायचं. हा माणूस म्हणजे माझ्या अगदी उलटा. दिवसभर गादीवर बसून भाजलेल्या शेंगा सोलायचा, आणि आग लागली तरी हातातली शेंग संपवूनच उठला असता. मी त्याच्यासमोर फेऱ्या मारत माझी कर्मकहाणी सांगितली. त्यानं पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, कंपनीनं तुला काय म्हणून द्यावं? मी म्हटलं, मी जिंकतो म्हणून. तो म्हणाला, जिंकणारे पुष्कळ आहेत.

"कंपनीला तू नकोयस, बाबा," तो म्हणाला. "तिला तुझ्या छातीवरची जागा हवीय. ती जागा किती लोक बघतात, एवढंच ती बघणार."

मला राग आला. हाडं माझी मोडायची, आणि कंपनीला हवी फक्त छाती! पण रागावून गॅरेजात परत गेलो आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या गादीपुढे जाऊन उभा राहिलो. त्यानं विचारलंसुद्धा नाही की का आलास. शिकवायलाच लागला. फोटो काढायचा तर आधी तोंड धू. ज्यानं हरवलं त्याचा हात हातात घे, कारण हरलेला माणूस कसा वागतो हे कंपनीचा माणूस लांबून बघत असतो. काय केलं, कुठं खेळलास, कितवा आलास हे कंपनीला दर महिन्याला कळव, उत्तर येवो न येवो. आणि बाजाराच्या दिवशी गाडी माझ्या दुकानासमोर आणून उभी कर, स्वतः तिच्याजवळ उभा राहा, आणि लोक विचारतील त्याला नीट उत्तर दे.

लोक काय विचारणार? सगळे एकच विचारायचे, ॲव्हरेज काय देते? खेड्यापाड्यातून बाजाराला आलेला प्रत्येक माणूस त्या सोललेल्या गाडीभोवती एक चक्कर मारायचा, लाईट का नाही विचारायचा, आणि मग ॲव्हरेज विचारायचा. माझ्या जिभेवर यायचं की काका, ही डोंगरावरून उडवायची आहे, साखरपुड्याला न्यायची नाही. पण आतून, गादीवरून शेठचा आवाज यायचा, हस. मी हसायचो. दात दिसतील असं हसायचो आणि कोणत्या मोटरीला कोणतं ऑईल, पेट्रोलमध्ये ते किती मिसळायचं, पंपाच्या इंजिनाला कोणता डबा चालतो ते सांगायचो. माझा पाय तेवढ्यात किकवर हलत असायचा. पण गंमत अशी की त्या पावसाळ्यात शेठचे डबे खरोखरच खपायला लागले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की स्पॉन्सर म्हणजे देणगीदार नव्हे. ती नोकरीच असते. फक्त खुर्ची नसते, आणि माझ्यापुरतं तेवढं पुरेसं होतं.

शेठनं ते डबे खपल्याचं ऑईल कंपनीच्या नाशिकच्या ऑफिसला कळवलं, आणि कंपनीचा साहेब जीप घेऊन धुळ्याला आला. तरुण होता, सभ्य होता, घड्याळाकडे फार बघायचा. त्यानं गाडी पाहिली, मला पाहिलं, आणि जीपमधून एक जर्सी काढून माझ्या हातात दिली. पांढरीशुभ्र, आणि छातीवर लाल अक्षरांत कंपनीचं नाव. चिखलाच्या खेळाला पांढरा कपडा ज्यानं ठरवला तो जन्मात कधी मोटरसायकलवरून पडलेला नसणार! साहेबानं अट घातली ती साधी होती. जळगावच्या शर्यतीत ही घालायची. पेपरात फोटो यायला हवा, आणि त्यात नाव वाचता यायला हवं. तसं झालं तर पुढच्या पूर्ण हंगामाचं ऑईल, टायर, सुटे भाग आणि येण्याजाण्याचा खर्च कंपनीचा. जीपमध्ये बसल्यावर त्यानं काच खाली करून पुन्हा सांगितलं, नाव वाचता आलं पाहिजे.

घरी मी एवढंच म्हटलं की हा कंपनीचा कपडा आहे, जपा. फोटोची अट समजावून सांगत बसायला मला धीर नव्हता, आणि ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असंही वाटलं नाही. मायनं जर्सीला नीळ दिली, सावलीत वाळवली, आणि ती वाळेपर्यंत दोरीखाली राखण करत बसून राहिली. आबांनी अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. ते वाचायला थोडं शिकले होते. त्यांनी नाव मनाशी जुळवलं आणि मान डोलवली. शर्यत बघायला येतो म्हणाले. मी आतापर्यंत किती शर्यती खेळलो असेन, पण आबा कधी आले नव्हते.

जळगावच्या बाहेर माळावर ट्रॅक केला होता. काळी माती, त्यावर मुरमाच्या ट्रॉल्या ओतून केलेले उंचवटे, आणि धूळ बसावी म्हणून टँकरनं इतकं पाणी मारलेलं की पहिल्या वळणावर नुसता चिखलाचा गारा. हौशी लोकांची शर्यत दुपारी होती. आमच्या गावची ट्रॅक्टर ट्रॉली भरून माणसं आली होती. त्यात आबा, धुतलेलं धोतर, कडक टोपी आणि खांद्याला पिशवी. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. झेंडा पडला आणि मग मला काही दिसलं नाही. शर्यतीत मला जे काही होतं ते सांगता येत नाही. आतली सगळी चुळबुळ एकाएकी कामाला लागते, एवढंच म्हणेन. पहिल्या वळणावर मी मागे होतो, पुढच्या चढावर दोघांना टाकलं, आणि शेवटच्या फेरीत पुढच्याचं चाक गाऱ्यात रुतलं ते मला वरून दिसलं. मी हवेत होतो तेव्हाच मला कळलं की जिंकलो.

गाडी थांबते न थांबते तोच गाव अंगावर आलं. कुणी हेल्मेट ओढून काढलं, कुणी टोपी घातली, कुणी मूठभर गुलाल केसांत चोळला. नारळ हातात, हार गळ्यात. आणि मग लोक बाजूला झाले आणि आबा आले. त्यांनी पिशवीतून शाल काढली. माझ्या बहिणीच्या लग्नात व्याह्यांनी दिलेली मानाची शाल होती ती. ती ट्रंकेत डांबरगोळ्यांत असायची. आबांनी ती स्वतः कधी अंगावर घेतली नव्हती. त्यांनी ती माझ्या खांद्यावरून टाकली, दोन्ही टोकं पुढे ओढून घेतली, गळ्याशी नीट बसवली आणि वरून तळहातानं थोपटली. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं की तुला आयुष्यात काय पाहिजे, तर मी म्हटलं असतं, काही नको. पेपरवाल्यानं ओरडून सांगितलं इकडे बघा, आणि आम्ही बापलेक तिकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. चांगला मोठा आला. टोपी, हार, गुलाल, आणि गळ्यापासून पोटापर्यंत शाल. मी इतका हसलो होतो की डोळे बारीक झाले होते. छातीवरच्या नावाचं एक टोकसुद्धा दिसत नव्हतं. मागच्या मांडवावर एका चहापत्तीचा फलक होता, तो मात्र स्वच्छ वाचता येत होता. मी तो फोटो धुळ्याच्या एस.टी.त बसून इतक्या वेळा बघितला की शेजारच्या माणसानं अभिनंदन केलं. मला त्याला धक्का मारून खाली उतरवावंसं वाटलं.

शेठनं फोटो पाहिला आणि हातातली शेंग खाली ठेवली. त्यानं नाशिकला फोन लावला. मी काउंटरपाशी उभा राहून रबराचा एक वॉशर बोटांनी पिळत होतो. साहेबाकडेही पेपर पोचला होता. शेठ बराच वेळ हो हो म्हणत राहिला, मग फोन ठेवून म्हणाला, ते विचारतात यात आम्ही कुठे आहोत. मी जिंकलोय हे सांगितलंत का, असं मी विचारलं. शेठ म्हणाला, सांगितलं. त्यावर साहेब म्हणाला होता की चहापत्तीवाल्यांचं अभिनंदन. एवढं बोलूनही त्यानं एक दार उघडं ठेवलं होतं. दिवाळीच्या तोंडावर धुळ्याला शर्यत होती. तिला तो स्वतः येणार होता. तिथं जमलं तर जमलं.

गावात मात्र माझा जयजयकार चालला होता. आबांनी ते कात्रण घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं होतं, आणि अमळनेरला गेले की चहाच्या टपरीवर काढून दाखवायचे. मायनं मला हे कौतुकानं सांगितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. राग कुणावर काढायचा? आबांवर? आयुष्यात एकदा त्या माणसानं लोकांसमोर मला जवळ घेतलं, आणि त्याला मी सांगू की तुमची शाल मला नडली? मी जेवायला बसायचो आणि अर्ध्यावर उठायचो. माय विचारायची काय झालं, मी म्हणायचो काही नाही, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं धुळ्याला पळायचो.

मग एका बाजाराच्या दिवशी आबा मला न सांगता धुळ्याला आले. पंपाचा काहीतरी भाग हवा होता. तो घेतल्यावर ते विचारत विचारत शेठच्या दुकानात पोचले, माझ्या मुलाला तुम्ही पुढे आणलं म्हणून त्यांना आभार मानायचे होते. सोबत शेतातली भरताची वांगी आणली होती. बोलता बोलता त्यांनी खिशातून कात्रण काढून शेठपुढे धरलं. आणि शेठनं सांगून टाकलं. सगळंच सांगितलं. साहेबाची अट, झाकलेलं नाव, दिवाळीच्या तोंडावरच्या शर्यतीतली शेवटची संधी.

हे मला शेठनंच संध्याकाळी सांगितलं, वांगी दाखवत. मी त्याच्यावर तुटून पडलो. कुणी सांगितलं होतं तुम्हाला तोंड उघडायला, म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला काय वाटलं असेल? शेठ शांतपणे म्हणाला की काय वाटलं ते ठाऊक नाही, चहा घेतला आणि गेले. जाताना फक्त एक विचारलं, नाव किती लांबून वाचता आलं पाहिजे. मी गॅरेजात जाऊन मोकळ्या रिमला अशी लाथ मारली की अंगठा आठवडाभर सुजला.

रविवारी भीत भीत घरी गेलो. आबा नेहमीसारखे होते. कापूस कसा फुटलाय ते बोलले, मामाचा निरोप सांगितला, माझ्या हलणाऱ्या गुडघ्याकडे बघून दुसरीकडे बघितलं. जेवून उठताना ते वाकले तेव्हा बंडीचा खिसा दिसला. त्यात कात्रण नव्हतं. मला वाटलं त्यांनी ओरडावं, निदान शेठला शिव्या द्याव्यात. त्यांनी मायला सांगितलं, याला दही वाढ.

धुळ्याची शर्यत शहराबाहेर लळिंगच्या बाजूला होती. दगडाळ चढ आणि पीठ झालेली धूळ. साहेब आला होता आणि मांडवात पहिल्या रांगेत बसला होता. आमच्या गावची ट्रॉलीही आली होती, आणि तिच्यात मला गुलालाच्या पुड्या दिसल्या. मी आबांना शोधलं, पण तेवढ्यात आम्हाला रांगेत बोलावलं. त्या दिवशी मी शर्यत चालवली ती नीट चालवली असं म्हणता येणार नाही. माझं अर्धं लक्ष छातीवर होतं. पुढच्याची धूळ चुकवायला मी बाहेरची, लांबची वाट धरली. एका उतारावर चाक सटकलं तेव्हा मी जीव खाऊन पाठीवर पडलो, पोटावर नाही. पाठ सोलून निघाली. उठलो, गाडी उचलली, किक मारली. दुसरा आलो. मला दुसरा यायला आवडत नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच आवडलं नाही. दीपनगरची चिमणी डोळ्यांसमोर उभी राहिली.

गाडी थांबली आणि गाव धावलं. मुठीत गुलाल, हातात हार. दुसरा काय आणि पहिला काय, गावाला त्याचं काही नव्हतं. मी ओरडणार होतो की थांबा, पण श्वासच नव्हता. आणि तेवढ्यात माझ्या आणि लोकांच्या मध्ये आबा आले. माझ्याकडे पाठ करून. मोकाट गुरं पिकात शिरताना अडवावीत तसे दोन्ही हात पसरून.

"कोनी हात लावू नका रे," ते म्हणाले. "तेना छातीवरनं नाव झाकाई जाई."

एक चुलतभाऊ बाजूनं घुसला तर आबांनी त्याची मूठ पकडली. दुसऱ्याची पकडली. गुलाल त्यांच्याच हातांवर, मनगटांवर सांडला. माणसं गोंधळून थांबली. माझ्याभोवती चांगली मोकळी जागा झाली. पेपरवाला त्या जागेत आला, गुडघ्यावर बसला आणि फोटो काढला. मी एकटा, गाडीवर, ताठ, आणि छातीवर लाल अक्षरं. हसा म्हणाला. मी हसलो. शेठनं शिकवल्यासारखं.

साहेब मांडवातून उठून आला. पहिल्या आलेल्याचा हात मी हातात घेतला ते त्यानं पाहिलं होतं म्हणे, पण बोलला तो दुसरंच. "तुम्ही माणसं चांगली तयार केली आहेत," आबांकडे बोट दाखवून तो मला म्हणाला. "नावाला इतकं कुणी जपत नाही." मग पुढच्या हंगामाचं बोलला. टायर, ऑईल, कागदपत्रं, नाशिकला कधी यायचं. शेठ त्याच्यामागे उभा राहून मला मान डोलवत होता. झालं होतं. मला जे पाहिजे होतं ते झालं होतं. मी हो म्हणत होतो आणि माझं लक्ष ट्रॉलीकडे होतं.

आबा ट्रॉलीच्या बाजूला एकटे उभे होते. मी त्यांच्याकडे चालत गेलो, जवळजवळ पळतच. मी जवळ आलो तसे ते एक पाऊल मागे सरकले आणि हात पाठीमागे नेले.

"मना हात लाल शेतस," ते म्हणाले. "तुनी बनियन खराब व्हई."

खांद्याला तीच पिशवी होती. तिच्या तोंडाशी शालीचा काठ दिसत होता आणि डांबरगोळीचा वास येत होता. सगळं माहीत असून त्यांनी ती आणली होती. द्यायची नाही हे ठरवून आणली होती. मला एकदम रडू आलं. कशाकशाचं ते सांगता येणार नाही. मी तिथंच जर्सी डोक्यावरून ओढून काढली. ती कोपराच्या पट्ट्यात अडकली, तर हिसका देऊन काढली आणि मागून आलेल्या शेठच्या हातात कोंबली. अंगात घामानं चिंब झालेली, पाठीवर फाटलेली गंजी राहिली.

"आबा," मी म्हणालो, "आते टाका."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मांडवाकडे नजर टाकली. मग हळूच विचारलं, "साहेब गया का?"

साहेब गेला नव्हता. चहाचा कप हातात धरून आमच्याकडेच बघत होता.

"नई गया," मी म्हणालो. "टाका."

आबांनी दोन्ही हात धोतराला पुसले. पुढून पुसले, मागून पुसले, धोतर लालभडक झालं, हात तरी लालच राहिले. मग त्यांनी शाल काढली, झटकली आणि माझ्या खांद्यांवरून टाकली. जळगावला केलं होतं तसंच दोन्ही टोकं पुढे ओढून घेतली, गळ्याशी बसवली आणि वरून तळहात ठेवला. तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही. पाठीवरच्या सोलवटलेल्या कातडीला शाल झोंबत होती, दुपारचं ऊन होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या. मी जागचा हललो नाही.